दवाखान्यात उशाशी ठेवायला कोणतं मराठी बायबल घ्यावं?

बायबल विकत घेणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला बाप्तिस्म्याला नाहीतर लग्नात भेट द्यायला घेतो. त्याला सोनेरी कडा, चेनचं कव्हर आणि वर डबा हवा असतो. दुसरा घेतो तेव्हा घरातलं कोणीतरी ॲडमिट असतं, कोणी नुकतंच गेलेलं असतं, किंवा पतसंस्थेच्या नोटिसांनी झोप उडालेली असते. दुकानदार दोघांनाही बहुतेक वेळा तीच प्रत काढून देतो. पुढचं सगळं या दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी आहे.

मिरजेपेक्षा चांगली कसोटी दुसरीकडे मिळायची नाही. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये इथे रुग्णालय सुरू केलं आणि गाव हळूहळू दवाखान्यांचंच झालं. सांगली-मिरज पट्ट्यातल्या वानलेसवाडीला अजून त्यांचंच नाव आहे. सोलापूर, कोल्हापूर, पलीकडे अथणी-चिकोडीपर्यंतचे पेशंट इथे येतात. तेव्हा आडवं पडून, एका हाताला सलाईन, डोक्यावर गरगरता पंखा आणि दिवा भलत्याच बाजूला, अशा अवस्थेत ज्या प्रतीची दोन पानं वाचता येतात ती प्रत चांगली. बाकीच्या प्रती घरच्या कपाटात शोभतील.

आधी कागद. बायबलचा कागद साधारण 28 ते 40 जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. झेरॉक्सचा 70 ते 80. सहासष्ट पुस्तकं आणि 1189 अध्याय एका जिल्दीत बसवायचे तर त्याला इलाज नाही. पण त्याचे परिणाम माहीत हवेत. मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात, पंख्याच्या वाऱ्याने पानं आपोआप उलटतात, आणि घामेजल्या अंगठ्याला एकदम तीन पानं चिकटून येतात. जेल पेन आणि ओला हायलायटर तर मागच्या बाजूला आरपार उतरतो. खूण करायची तर एचबी पेन्सिल किंवा कोरडी रंगीत पेन्सिल. वारा अडवायला केसांचा चाप किंवा कपड्यांची क्लिप पुरते. मात्र क्लिपखाली जाडसर कागदाची घडी ठेवावी, नाहीतर पानाला कायमचा व्रण पडतो.

अक्षराचा आकार हा दुसरा मुद्दा आणि इथे हमखास फसगत होते. वेष्टणावर 'मोठे अक्षर' लिहिलेलं असतं. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणजे ओळीची निम्मी उंची त्यातच जाते. त्यामुळे इंग्रजी प्रतीत आरामात वाचता येणारा आकार मराठीत बारीक वाटतो. दुकानात पहिलं पान बघून ठरवू नये. मधोमध, स्तोत्रसंहिता या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातलं स्तोत्र 119 उघडावं (176 वचनं आहेत, सापडायला सोपं), पुस्तक हातभर लांब धरावं आणि जोडाक्षरं पाहावीत. 'द्ध', 'ष्ट', 'त्त्व' यांचा काळा गोळा दिसत असेल तर ती प्रत संध्याकाळच्या वॉर्डात वाचता येणार नाही. अनुस्वार दिसतात का तेही पाहावं. बारीक छपाईत पहिला बळी टिंबाचाच जातो.

बांधणी तपासायला अर्धा मिनिट लागतं. पुस्तक मिटून कण्याच्या वरच्या टोकाकडे बघायचं. छोट्या छोट्या घड्या एकाशेजारी एक दिसल्या तर शिवलेली जुळणी. नुसता सपाट, गोंदाचा पट्टा दिसला तर चिकटवलेली. चिकटवलेली प्रत पहिली तीन-चारशे वेळा उघडेपर्यंत छान असते, मग मधली पानं मूठभर सुटून हातात येतात, आणि ती बहुधा स्तोत्रांचीच असतात, कारण उघडलं जातं तिथेच. घेताना पानांचे क्रमांकही भराभर चाळावेत. एखादी घडी गळालेली किंवा दुबार लागलेली प्रत क्वचित निघते. दुकानात लक्षात आली तर बदलून मिळते, सहा महिन्यांनी कोणी विचारत नाही.

चेनच्या कव्हरबद्दल स्पष्टच सांगायचं तर घेऊ नये. दातऱ्या पानांच्या कडा कुरतडतात, एका हाताने चेन उघडत नाही, आणि महाबळेश्वर-पाचगणीकडच्या पावसाळ्यात आत कोंडलेल्या दमटपणाने बुरशीचे ठिपके येतात. लवचिक रेक्झिनचं साधं कव्हर सगळ्यात बरं: उशीवर सपाट पडतं, ओल्या फडक्याने पुसता येतं.

आता आकार. मोठ्या अक्षरांचं पूर्ण बायबल छातीवर धरून वाचणं ऑपरेशन झालेल्या माणसाला जमत नाही, हे घेताना कोणाच्या डोक्यात येत नाही. फुकट वाटला जाणारा खिशातला नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) हलका असतो, पण त्यात जुन्या करारातली दुःखाची पुस्तकं नाहीत, म्हणजे ईयोब नाही, विलापगीत नाही, आणि स्तोत्रं नसतील तर दुःखात असलेल्या माणसाच्या कामाचा अर्धा ऐवजच नाही. म्हणून खाटेसाठी 'नवा करार आणि स्तोत्रसंहिता' अशी मध्यम आकाराची प्रत, आणि घरी पूर्ण बायबल, ही जोडी योग्य. तेही झेपत नसेल तर एकेका शुभवर्तमानाची, म्हणजे येशूच्या चरित्राची, सुटी पुस्तिका मिळते. मार्कची घ्यावी. सोळाच अध्याय आहेत आणि गोष्ट थांबत नाही.

भाषांतराकडे वळू, कारण खरी निवड तिथे आहे.

बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं 'पवित्र शास्त्र', म्हणजे ज्याला सगळे आर.व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्शन) म्हणतात, ते बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत उपासनेला वाचलं जातं. भाषा भारदस्त, लय पक्की. स्तोत्र 23 मधलं 'मला काही उणे पडणार नाही' हे एकदा कानावर पडलं की राहतं. ते 'उणे' कोणी बदलू नये. पाळक भेटायला आले की याच शब्दांत वाचतात, शेजारच्या खाटेवरच्या आजींना हेच पाठ असतं. सोबतीचा हा फायदा मोठा आहे. अडचण नवख्या वाचकाला येते. सांगलीच्या कोणत्याही पेठेत 'सोने तारण कर्ज' अशी पाटी दिसते, आणि या पुस्तकात पानोपानी 'तारण' येतं. ज्याचे दागिने खरोखरच गहाण आहेत त्याला 'तारण झाले' हे वाचून काय वाटेल? इथे तारण म्हणजे सुटका, बुडणाऱ्याला तारणं. मार्क 10:45 मध्ये (दहावा अध्याय, पंचेचाळिसावं वचन) 'खंडणी' येते. तो शब्द आपण पोलिसांच्या बातमीत वाचतो, इथे तो गुलामाला सोडवून आणायची किंमत या अर्थाने आहे. 'साक्ष' कोर्टातली नव्हे. 'नीतिमान' म्हणजे सज्जन एवढंच नव्हे, देवाशी नातं सरळ झालेला. असे दहा-बारा शब्द अर्थासह शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून दिले की निम्मं काम होतं. पुस्तक भेट देणाऱ्याने हे स्वतः करावं. दुकानात असा कागद मिळत नाही.

सोप्या मराठीतली भाषांतरं वाक्य तोडून, रोजच्या शब्दांत सांगतात. दोन वेळा वाचूनही न कळणाऱ्या पौलाच्या पत्रांसाठी ती खरोखर उपयोगी. ताप उतरलेल्या, औषधाच्या गुंगीतल्या माणसाला लांब वाक्य पेलत नाही, त्यालाही हीच बरी. पण स्तोत्रांत ती घसरतात. कवितेची ओळ समजावून सांगायला गेलं की ती लांबते, आणि आक्रोश समजुतीच्या सुरात येतो. तेव्हा शुभवर्तमान आणि पत्रं सोप्या भाषेत, स्तोत्रं आर.व्ही.मध्ये, अशी फोड करायला हरकत नाही. मंडळीतल्या काही जुन्या माणसांना हे रुचणार नाही.

तिसरं भाषांतर पंडिता रमाबाईंचं. त्यांचं बायबल या विषयात नुसतं जुनं पुस्तक म्हणून मोजता येत नाही. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत भटकंतीत गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरी लहान मनोरमा. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं आणि अखेरपर्यंत सोडलं नाही. मनोरमा 1921 मध्ये वारली, त्या स्वतः एप्रिल 1922 मध्ये, आणि पूर्ण ग्रंथ 1924 मध्ये निघाला. दुःखातून माणसाला काम सापडतं म्हणजे काय, ते इथे हातात धरता येतं. वापरायला मात्र हे अवघड आहे: मूळच्या शब्दाला शब्द, त्यामुळे मराठी वाक्य कुठे कुठे आखडतं. पहिल्या वाचनाला नको. पण एखाद्या वचनावर अडलात की आर.व्ही. आणि रमाबाई शेजारी ठेवून पाहावं. मूळ वाक्याची हाडं दिसतात.

कॅथलिक घरात द्यायचं असेल तर आधी विचारावं. त्यांच्या बायबलात 73 पुस्तकं असतात, आपल्या हातातली 66 वाली प्रत त्यांना अपुरी वाटेल. आणि अथणीकडचा पेशंट मराठी फाडफाड बोलत असला तरी वाचतो कन्नड, हे मिरजेत पदोपदी घडतं.

उत्तम प्रत घेतली तरी ती बंद पडण्याची दोन ठरलेली ठिकाणं आहेत. उत्पत्तीपासून सुरुवात करणारा लेवीयच्या यज्ञविधींत अडकतो. नुसता नवा करार घेणारा मत्तयच्या पहिल्या पानावरच्या वंशावळीत. दोघेही समजतात की आपल्यातच काही कमी आहे. तसं नाही, दार चुकलं. दुःखातल्या माणसाने स्तोत्र 13 ने सुरू करावं: सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा. देवाला असं विचारायला परवानगी आहे, हेच पुष्कळांना नवीन असतं. मग 1 राजे 19. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून परत खायला घालतो. पेशंटजवळ बसणाऱ्या नातेवाइकाने हा अध्याय स्वतःसाठी वाचावा, विशेषतः दोन दिवस जेवला नसेल तर. त्यानंतर मार्क सलग, रोज एक अध्याय. पंधराव्या अध्यायात वधस्तंभावरची हाक येते तिथे थांबून स्तोत्र 22 उघडावं. ती हाक तिथूनच आली आहे.

ईयोब जपून. 42 अध्याय आहेत, आणि मधल्या भागात मित्र जे बोलतात ते देवाचं बोलणं समजून लोक अधोरेखित करतात. 'तू काहीतरी पाप केलंस म्हणून हे झालं' हा त्या मित्रांचा सूर. आणि 42:7 मध्ये देव त्यांनाच चुकीचं ठरवतो. आजाऱ्यापुढे या भाषणांतलं वचन वाचून दाखवणारे अजून भेटतात. त्या मित्रांनी एकच गोष्ट नीट केली: दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ गप्प बसले. पहिल्या आठवड्यात 1 ते 3 आणि नंतर कधीतरी 38 ते 42 एवढं पुरे. स्तोत्र 88 काळोखातच संपतं, शेवटी उजेडाची ओळ नाही. जवळचं माणूस गेलेल्याला ते कधी कधी सगळ्यात खरं वाटतं, म्हणून टाळू नये, पण एकट्याला रात्री वाचायला देऊ नये. आणि माणूस जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो.

याच्या अगदी उलट टोकाला वचनांची कार्डं. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत एकेक कार्ड उचलायची रीत बऱ्याच मंडळ्यांत आहे. दुकानात तीच कार्डं छोट्या पेटीत, कॅलेंडरवर, भिंतीच्या फ्रेममध्ये मिळतात. छपाई सुरेख, किंमत कमी, खप मोठा. दुःखी माणसाला द्यायची वस्तू म्हणून मात्र गुण कमी. देवळात कौल लावतात तशी ती वापरली जातात: डोळे मिटायचे, उचलायचं, आणि जे येईल ते आपल्यासाठीच. सगळ्यात जास्त दिसणारं यिर्मया 29:11 घ्या, हिताच्या संकल्पांचं. त्याच्या लगेच वरचं, 29:10, कार्डावर नसतं. तिथे सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. बाबेलला धरून नेलेल्यांना ते पत्र आहे, आणि त्यात आधी घरं बांधा, बागा लावा, तिथेच संसार करा असं सांगितलंय. म्हणजे 'पुढच्या महिन्यात सगळं ठीक होईल' असं ते वचन म्हणतच नाही. फिलिप्पै 4:13, मी सर्वकाही करू शकतो असं सांगणारं, जिमच्या भिंतीवरही दिसतं. त्याच्या आधीचं वचन तृप्त असण्याचं आणि उपाशी राहण्याचं आहे. सर्व गोष्टी मिळून कल्याण होतं असं सांगणाऱ्या रोम 8:28 नंतर 29 वाचलं तर कळतं की तिथलं 'कल्याण' म्हणजे ख्रिस्तासारखं घडत जाणं; नोकरी लागणं नव्हे.

आर.व्ही.ने यिर्मया 29:11 मध्ये 'संकल्प' हा शब्द घेतला, त्याला दाद द्यावी लागते. पूजेला बसताना हातात पाणी घेऊन संकल्प आपण सोडतो. काय हवं ते आपण सांगतो. इथे संकल्प देवाचा आहे आणि माणूस त्यात बोलावलेला. 'माझ्या आयुष्याचा हेतू काय' असं विचारत आलेल्या माणसाचा प्रश्नच त्या एका शब्दाने फिरतो. रमाबाईंनी आपल्या आयुष्याचा आराखडा आधी काढला नव्हता. समोर आलेल्या विधवा आणि दुष्काळातल्या मुली घरात घेतल्या. कार्डावरच्या एका ओळीत हे मावत नाही. कार्ड द्यायचंच तर मागे पेन्सिलीने पूर्ण अध्यायाचा आकडा लिहून द्यावं.

फोनवरचं बायबल फुकट आहे आणि त्यात मराठीची अनेक भाषांतरं आहेत, ऐकायची सोयही. ज्यांचे डोळे अधू आहेत किंवा ज्यांना वाचताच येत नाही त्यांना याला तोड नाही. दवाखान्याच्या जाड भिंतींत रेंज जाते, म्हणून भाषांतराच्या नावापुढे उतरवून घ्यायचं चिन्ह आहे का ते घरून निघतानाच बघावं. सगळ्या भाषांतरांना ते नसतं. इयरफोन न्यावा, शेजारच्या खाटेचा विचार करावा. 'आजचे वचन' ही सूचना बंद करावी. ती कार्डाचीच बहीण. आणि वॉर्डात चार्जिंगचा सॉकेट सहा जणांत एक, हेही गणितात धरावं.

गाणी हा वाचनाचा पर्याय म्हणून विसरला जातो. साताऱ्याला याबाबत वेगळा मान आहे: ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा साताऱ्यातच उभा केला. त्यांची भजनं ओवी-अभंगाच्या वळणाची, त्यामुळे पेटी-तबला नसला तरी हळू आवाजात म्हणता येतात, आणि वारकरी घरातून आलेल्या म्हाताऱ्या माणसालाही चाल परकी वाटत नाही. गीतपुस्तकात नुसते शब्द असतात, सूर नाहीत. म्हणून ते चाल येणाऱ्या माणसासकटच न्यावं.

राहिलं पुराचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये कृष्णा घराघरांत शिरली तेव्हा सांगलीत भिजलेल्या पुस्तकांचे ढीग निघाले. बायबलचा पातळ कागद वाळला की विटेसारखा चिकटतो, म्हणून घाई हवी. चिखल असेल तर पुस्तक मिटलेलंच ठेवून स्वच्छ पाण्यात हलके बुडवावं, चोळू नये, पिळू नये. मग उभं करून पानं पंख्यासारखी सैल सोडावीत, दर वीस-तीस पानांआड कोरा टिपकागद घालावा, तो दोन-तीन तासांनी बदलावा, आणि पंख्याखाली ठेवावं. उन्हात ठेवलं तर पान वेडंवाकडं होऊन कण्यापासून सुटतं. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवायला जमणार नसेल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाकावं आणि सवड झाली की एकेक बाहेर काढावं. हे विचित्र वाटतं, पण चालतं. सगळ्यात आधी मात्र जुन्या घरगुती प्रतीतलं नोंदीचं पान बघावं, जिथे जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यू लिहिलेले असतात. शाईच्या पेनने लिहिलेलं पाण्याने निघून जातं, बॉलपेन आणि पेन्सिल बहुधा टिकतात. त्या पानाचा फोटो आजच काढून घरातल्या दोघा-तिघांच्या फोनवर ठेवावा.

वॉर्डात पुस्तक न्यायचं तर पेशंटने किंवा घरच्यांनी मागितल्यावरच. न मागता उशाशी ठेवलेलं बायबल औषधांच्या चिठ्ठ्या दाबायला वापरलं जातं.